मुक्या आकड्यांची शिस्त

माझं शिक्षण वनस्पतिशास्त्राचं, पण पोटापाण्याचा धंदा आकड्यांचा. पिकांच्या चाचण्यांच्या नोंदी संगणकात अशा लावून ठेवायच्या की दहा वर्षांनी तिसऱ्याच माणसाला त्या कळाव्यात, हे माझं काम. शेतातून वह्या येतात. त्यात एकाने ‘कणसाची लांबी’ लिहिलेलं असतं, दुसऱ्याने ‘कणीस लां.’, तिसऱ्याने इंग्रजीतून काहीतरी तिसरंच. यावर उपाय म्हणून शास्त्रज्ञांनी जी व्यवस्था बसवली, तिला आँटॉलॉजी म्हणतात. शास्त्रातल्या संज्ञा, त्यांच्या व्याख्या आणि त्यांची आपापसातली नाती (दाणा कणसाचा भाग, कणीस रोपाचा भाग) यांची ही नोंदवही. प्रत्येक संज्ञेला एक आयडी मिळतो आणि जगभर सगळ्यांनी तोच वापरायचा असतो.

यातली सर्वांत गाजलेली वही म्हणजे जीन आँटॉलॉजी. १९९८ मध्ये फळमाशी, यीस्ट आणि उंदीर यांच्या माहितीसाठ्यांवर काम करणाऱ्यांनी ती सुरू केली, कारण पेशीतली एकच प्रक्रिया तिघांकडे तीन नावांनी नांदत होती. तिच्यातला आयडी असा दिसतो : जीओ:०००८१५०. कोलनच्या आधी वहीचं नाव, म्हणजे प्रीफिक्स, आणि कोलननंतर सात अंक. या आयडीचा अर्थ ‘जैविक प्रक्रिया’. फायलीत हे सगळं रोमी लिपीत असतं, मी इथे देवनागरीत लिहिते आहे. असं देवनागरीत लिहिलेलं यंत्राच्या हाती पडलं तर काय होतं, ते खालच्या नऊ धड्यांपैकी सातव्यात सांगेन. तो धडा मला महागात पडला होता.

१. नावाला आयडी समजू नये.

पुण्याच्या आसपास नुसतं ‘वडगावला जायचंय’ म्हटलं तर रिक्षावाला विचारतो, ‘कोणतं? शेरी, बुद्रुक की मावळ?’ नावाचा स्वभावच असा असतो. एका नावाची अनेक गावं आणि एका गावाची अनेक नावं. रब्बी ज्वारीचं मालदांडी ३५-१ हे वाण घ्या. सोलापूर जिल्ह्यात मोहोळला स्थानिक मालदांडीतून निवडलेलं हे वाण आजही मराठवाड्यात आणि पश्चिम महाराष्ट्रात नावाजलेलं आहे. माझ्याकडच्या वह्यांत ते एम ३५-१, एम-३५-१, एम३५१, नुसतं मालदांडी आणि एका ठिकाणी ‘मालदंडी’ असं सापडलं. माणसाला ही पाचही नावं एकच वाटतात. यंत्राला ती पाच वेगळी वाणं वाटली आणि त्याने पाच वेगळ्या सरासऱ्या काढून दिल्या. खरं तर ‘मालदांडी’ आणि ‘एम ३५-१’ एकच धरणंही धाडसाचंच. पहिलं शेतकऱ्यांच्या घरचं जुनं बियाणं असू शकतं, दुसरं त्यातून निवडलेलं वाण. वहीत नेमकं कोणतं अभिप्रेत होतं, हे नुसत्या नावावरून कधीच कळत नाही.

२. आयडीत शहाणपण कोंबू नये.

नोकरीच्या पहिल्या वर्षी मी स्वतः आयडींची एक पद्धत बसवली होती आणि तिचा मला फार अभिमान होता. पिकाची दोन अक्षरं, हंगामाची दोन, अवयवाची तीन, मग गुणधर्म. कोड वाचला की सगळं कळायचं. वर्षभरात खरीप ज्वारीच्या चाचण्या आल्या. गुणधर्म तोच, कणसाची लांबी, पण कोडमध्ये ‘रब्बी’ कोरलेलं. नवा कोड काढावा तर एकाच गोष्टीला दोन आयडी होणार, जुना वापरावा तर कोड खोटं बोलणार. आम्ही जुना वापरला. पुढे तीन वर्षं प्रत्येक नव्या माणसाला ‘त्यातल्या आरबीकडे लक्ष देऊ नका’ असं सांगत बसलो.

मोठ्या आँटॉलॉजींनी अंक का वापरले, ते तेव्हा कळलं. ०००८१५० हा आकडा मुका आहे. तो काही सांगत नाही, म्हणून खोटंही बोलत नाही. अर्थ सांगायचं काम नावाचं आणि व्याख्येचं. आकड्याचं काम एवढंच, की आज जिथे बोट दाखवलं तिथेच उद्याही दाखवायचं.

३. नाव बदललं तर आयडी तोच, अर्थ बदलला तर आयडी नवा.

पेशी ठरवून स्वतःचा अंत करते, त्या क्रियेला जीन आँटॉलॉजीत आधी ‘अपॉप्टोसिस’ असं नाव होतं. पुढे ते बदलून ‘अपॉप्टॉटिक प्रोसेस’ केलं. आयडी मात्र जीओ:०००६९१५ हाच राहिला आणि तो वापरणाऱ्या कुणाच्याही नोंदीला धक्का लागला नाही. हे झालं सरळ.

वाकडं कसं होतं, ते आमच्याकडे झालं. ‘दाण्यांचं वजन’ या गुणधर्माला आम्ही आपला एक आयडी दिला होता, व्याख्या होती शंभर दाण्यांचं वजन. मध्ये कुणीतरी पद्धत बदलून हजार दाणे मोजायला लागलं आणि व्याख्येतही ‘शंभर’च्या जागी ‘हजार’ केलं. हेतू चांगला होता, म्हणून आयडी तोच ठेवला. पुढच्या अहवालात ज्वारीचा आलेख आला तो पाहण्यासारखा होता. तीन ग्रॅमच्या आसपास सपाट चाललेली रेघ एका वर्षी एकदम तिसावर चढली. साहेबांनी विचारलं, ‘हे कुठलं खत टाकलंत?’ पिकांची जी जागतिक आँटॉलॉजी आहे, तिथे गुणधर्म, मोजण्याची पद्धत आणि माप या तिघांना वेगवेगळे आयडी असतात आणि तिन्ही मिळून एक ‘व्हेरिएबल’ होतो. तोवर मला ही उगीच केलेली फोड वाटायची. त्या आलेखानंतर वाटेनाशी झाली.

४. मेलेल्याचं नाव पुसू नये आणि त्याचा नंबर दुसऱ्याला देऊ नये.

संज्ञा चुकीची ठरली, तर तिला काढून टाकत नाहीत. तिच्यावर ‘ऑब्सोलीट’ असा शिक्का मारतात, नावाआधी तो शब्द लावतात, आणि शक्य असेल तर ‘हिच्याऐवजी अमुक वापरा’ अशी पाटी ठेवतात. दोन संज्ञा एकत्र केल्या, तर राहिलेल्या संज्ञेच्या पोटात दुसरीचा जुना आयडी दुय्यम म्हणून जपून ठेवतात. कारण पंधरा वर्षांपूर्वीच्या एखाद्या लेखात तो आयडी छापलेला असतो आणि छापलेला कागद परत बोलावता येत नाही.

आयडी वाचणारा प्रोग्रॅम लिहिताना मी ही पाटी बरीच वर्षं वाचतच नव्हते. आयडी सापडला की ‘बरोबर’ म्हणून पुढे. त्यामुळे मेलेल्या संज्ञांवर नव्या नोंदी होत राहिल्या. आता माझ्या प्रोग्रॅमची तीन उत्तरं असतात : आहे, नाही, आणि होता पण आता अमुककडे जा. आणखी एक खबरदारी. पाटी एकाच दिशेला असेल तरच यंत्राने आपणहून वळावं. पाटीवर दोन-तीन पर्याय सुचवले असतील, तर माणसाला विचारावं.

५. आकडे आधी वाटून घ्यावेत.

सात अंकांत एक कोटी आयडी बसतात. तरीही आमच्याकडे एकाच दुपारी दोघांनी आपापल्या संगणकावर ‘पुढचा मोकळा नंबर’ घेतला आणि खोडमाशीचा प्रादुर्भाव व ताटाची जाडी या दोघांना एकच आयडी मिळाला. उपाय जुना आणि घरगुती आहे. पावतीपुस्तकं वाटतात तसे आकडे वाटायचे. मला १००१ ते २०००, तुला २००१ ते ३०००. मध्ये फटी राहतात, त्या राहू द्याव्यात. मुक्या आकड्यांना रांगेत उभं राहायची गरज नसते.

६. शून्य पुसू नये, शून्य घालू नये.

एकदा एका मोठ्या तक्त्यात सगळे आयडी एकाच आँटॉलॉजीचे वाटले, म्हणून जागा वाचवायला मी प्रीफिक्स काढून टाकला. उरले नुसते अंक. स्प्रेडशीटने ०००८१५० पाहिलं, ‘हा तर आकडा’ असं समजून पुढची शून्यं झटकली आणि ८१५० ठेवलं. घाबरले नाही. परत शून्यं भरून सात अंक करायचे, एका ओळीचं काम. केलं. आणि तिथेच फसले, कारण त्या तक्त्यात रसायनांच्या चेबी या आँटॉलॉजीच्याही ओळी होत्या. चेबीत पाण्याचा आयडी चेबी:१५३७७, पाचच अंकांचा. माझ्या एका ओळीने त्याच्या अंकांचे ००१५३७७ केले. चेबीत असा आयडीच नाही.

रोगांच्या आँटॉलॉजीत तर दोन्ही तऱ्हा शेजारी शेजारी नांदतात. डीओआयडी:४ म्हणजे ‘रोग’ ही मूळ संज्ञा, एकाच अंकाची. आणि डीओआयडी:००५०११७ म्हणजे संसर्गजन्य कारणाने होणारे रोग, शून्यांसकट सात अंकांची. याचा अर्थ एवढाच, की आयडीतले अंक ही संख्या नव्हे. त्यांची बेरीज होत नाही, सरासरी निघत नाही. ती अक्षरंच आहेत, फक्त अंकांच्या वेशातली. तक्ता उघडण्याआधी त्या रकान्याला ‘मजकूर’ असं बजावून ठेवायचं.

हे दुखणं माझं एकटीचं नाही. एक्सेलने ‘मार्च१’ आणि ‘सेप्ट२’ या जनुकांच्या नावांच्या तारखा केल्याची कहाणी प्रसिद्धच आहे. २०१६ मध्ये जीनोम बायॉलॉजी या नियतकालिकात आलेल्या पाहणीनुसार, जनुकांच्या याद्या एक्सेलमध्ये जोडलेल्या लेखांपैकी सुमारे एक पंचमांशांत अशा चुका होत्या. अखेर २०२० च्या सुमारास नावं ठरवणाऱ्या समितीने जनुकांचीच नावं बदलली, मार्च१ चं मार्चएफ१ केलं. नाव बदलावं लागतं ते असं. त्या जनुकांच्या आयडीतला आकडा मात्र कुणी बदलला नाही.

७. तोडायचं कुठे, हे आयडीला विचारू नये, वहीला विचारावं.

आयडी पार्स करणं, म्हणजे फोडणं, दिसतं सोपं : कोलनवर घाव घाला, डावीकडे प्रीफिक्स, उजवीकडे अंक. पण वेबपत्त्यात हाच आयडी जीओ_०००८१५० असा अंडरस्कोअर घेऊन येतो. विंडोजमध्ये फायलीच्या नावात कोलन चालत नाही, म्हणून तिथेही लोक अंडरस्कोअरच घालतात. मी लिहिलं : पहिला अंडरस्कोअर दिसला की त्याचा कोलन करा. जीन आँटॉलॉजीवर झकास चाललं. मग पिकांची आँटॉलॉजी आली. तिथे ज्वारीचा प्रीफिक्सच सीओ_३२४ आहे, भाताचा सीओ_३२०, हरभऱ्याचा सीओ_३३८. प्रीफिक्समध्येच अंडरस्कोअर आणि अंकही. माझ्या सुरीने ज्वारीचं मुंडकं भलत्याच ठिकाणी उडवलं आणि ‘सीओ’ नावाची, जगात नसलेली एक वही तयार झाली.

प्रीफिक्सला मोठ्या अक्षरांत करून घ्यावं, हा माझा दुसरा शहाणपणा. फळमाशीच्या शरीररचनेच्या आँटॉलॉजीचा प्रीफिक्स एफबीबीटी, त्यात पहिली दोन अक्षरं मोठी आणि पुढची दोन लहान. सगळी मोठी केली की तो वहीत सापडत नाही. उलट चेबीच्या नावात ‘एच’ लहान असतो, पण प्रीफिक्समध्ये सगळी अक्षरं मोठी. मानवी लक्षणांच्या आँटॉलॉजीला सगळे एचपीओ म्हणतात, आयडीत मात्र एचपी. कुठे कुठे प्रीफिक्स दोनदा चिकटून ‘जीओ:जीओ:०००६९१५’ असंही येतं. प्रीफिक्सांची नोंद ठेवणाऱ्या बायोरजिस्ट्रीने या दुबार प्रीफिक्सला ‘बनाना’ असं नाव दिलंय. केळ्यासारखं ते सोलून काढावं लागतं.

शेवटी अक्कल आली ती अशी : माहीत असलेल्या प्रीफिक्सांची यादी आधी घ्यायची, त्यातला सर्वांत लांब जुळणारा शोधायचा, मग उरलेला भाग त्याच वहीच्या नियमाने तपासायचा. यादीत नसलेला प्रीफिक्स आला तर अंदाज करायचा नाही, थांबायचं.

आता देवनागरीची गोष्ट. शेतावरचे मदतनीस मोबाइलवर मराठी कीबोर्डातून नोंदी करायचे. काहींनी प्रीफिक्स रोमीत लिहून अंक देवनागरीत टाकले. माझ्या पायथॉनच्या प्रोग्रॅममध्ये तपासणी होती : बॅकस्लॅश-डी, म्हणजे ‘कोणताही अंक’, सात वेळा. पायथॉन ३ मोठ्या मनाचा आहे. त्याच्या लेखी ‘८’ हाही अंकच. सगळ्या ओळी पास. पुढच्या एका टप्प्यात मी अंकांची संख्या करून परत शून्यं भरत होते. पायथॉनला देवनागरी अंकांची संख्या करताही येते, म्हणून तिथे आपोआप रोमी अंक झाले आणि सगळं जुळलं. दुसऱ्या टप्प्यात मजकूर जसाच्या तसा शोधत होते, तिथे एकही सापडला नाही. आणि ब्राउझरमधल्या फॉर्मची तपासणी जावास्क्रिप्टमध्ये होती. तिथे बॅकस्लॅश-डी म्हणजे फक्त रोमी शून्य ते नऊ, त्याने तर दारातच हाकललं. एकच ओळ, तीन ठिकाणी तीन निकाल. दोन दिवस मी डोळे फाडून दोन ‘सारख्या’ आयडींकडे पाहत होते, कारण माझ्या पडद्यावरचा फॉन्ट लहान होता आणि देवनागरी शून्य व रोमी शून्य दोन्ही गोलच.

अंक सुधारले तरी आठ ओळी हट्टाने अडल्या. त्यांत कोलन नव्हताच, विसर्ग होता. आपण ‘दिनांकः’ लिहिताना करतो तीच चूक. तेव्हापासून मी ‘शून्य ते नऊ’ असं स्पष्ट लिहिते, आणि देवनागरी अंक किंवा विसर्ग दिसला तर फॉर्म हाकलत नाही, ‘हे असं म्हणायचंय का?’ असं विचारतो. चूक लिहिणाऱ्याची नव्हती. मराठी कीबोर्डवर मराठी अंक यायचेच.

८. बरोबर दिसणं म्हणजे बरोबर असणं नव्हे.

एचपी:०००१२५० म्हणजे आकडी, फीट येणं. एचपी:०००१२५१ म्हणजे अटॅक्सिया, हालचालींचा तोल जाणं. शेवटचा एक अंक घसरला की रुग्णाचं लक्षणच बदलतं, आणि दोन्ही आयडी घडणीने निर्दोष. कोणतीही तपासणी त्यावर हरकत घेणार नाही, कारण या आयडींमध्ये पडताळणीचा अंक नसतो. म्हणून नियम केला : माणसाच्या हाताखालून जाणाऱ्या तक्त्यात आयडीशेजारी नाव हवंच. यंत्राने आयडीवरून नाव काढायचं आणि लिहिलेल्या नावाशी ताडून पाहायचं. दोघांचं जुळलं नाही तर ओळ लाल. पहिल्या धड्यात नावाला नावं ठेवली, पण इथे तेच कामी येतं. मुक्याला एक साक्षीदार लागतो.

९. हे सगळं स्वतःला लावून पाहावं.

माझा पहिला लेख माहेरच्या नावाने छापलेला आहे. लग्नानंतरचे लेख सासरच्या आडनावाने. त्यातल्या दोनांवर वडिलांच्या नावाचं आद्याक्षर आहे, बाकीच्यांवर नवऱ्याच्या. आमच्याच कार्यालयाने एकदा दहा वर्षांच्या लेखांची यादी केली, तेव्हा माझ्या त्यात तीन बाया झाल्या. दिवसभर लोकांना ‘नाव म्हणजे आयडी नव्हे’ असं सांगणारी मी, स्वतःच मालदांडी होऊन बसले होते.

संशोधकांसाठी ऑर्किड नावाचा आयडी २०१२ पासून मिळतो. सोळा जागा, चार-चारच्या गटांत. त्यात माहेर नाही, सासर नाही, पदवी नाही. शेवटची जागा पडताळणीची असते. आधीच्या पंधरा अंकांवरून ती गणिताने निघते, म्हणून एखादा अंक चुकला की लगेच पकडला जातो. उत्तर दहा आलं तर एका जागेत मावत नाही, म्हणून तिथे ‘एक्स’ लिहितात. साधारण अकरांतल्या एकाच्या वाट्याला हा एक्स येतो. माझ्या वाट्याला आला.

मोठ्या समाधानाने मी तो आमच्या अंतर्गत फॉर्ममध्ये भरला. लाल अक्षरांत उत्तर आलं : ‘कृपया फक्त अंक लिहा.’ कुणी लिहिलाय हा फॉर्म, म्हणून तणतणत कोड उघडला. वर लिहिणारीचं नाव होतं, माहेरचं. तपासणीच्या ओळीत सोळा अंक सक्तीचे केले होते आणि शेजारी टीप होती, ‘सगळे अंकच असतात, पाहिलंय.’ मी पाहिले होते ते चार-पाच आयडी, शेजारच्या टेबलांवरचे. नियमांचं पान उघडून वाचायला पाच मिनिटं लागली असती.

त्या टिपेखाली तारीख घातली, टीप खोडली आणि शेवटच्या जागेला एक्सची मुभा दिली. मग यादीतल्या त्या तीन बायांपुढे एकच आयडी लिहिला.